चूक स्वस्त करणारे यंत्र : आभासी वास्तव आणि आपली कामे

डोणगावसारख्या बाजारपेठेच्या गावात फॅब्रिकेशनचे दुकान असतेच. ट्रॉलीचा मोडलेला साटा, पेरणीयंत्राचा सुटलेला फाळ, गेट, पत्र्याचे शेड अशी कामे तिथे चालू असतात. नवा पोरगा वेल्डिंगला बसला की पहिले काही आठवडे त्याचा रॉड लोखंडाला चिकटतो, जोड पोकळ राहतो, पातळ पत्र्याला भोक पडते. काच न लावता ठिणगीकडे पाहिले तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते. मिस्त्री ओरडतो, कारण प्रत्येक चुकीला रॉड, लोखंड आणि वीज लागते. परिणाम असा की पोराला चुकायला वाव मिळत नाही, आणि चुकल्याशिवाय हात बसत नाही.

व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे आभासी वास्तव, हे नाव काढले की खेळ आणि सिनेमे आठवतात. उद्योगाच्या दृष्टीने मात्र या तंत्राचे मोल एकाच गोष्टीत आहे: ते चूक स्वस्त करते. ते कुठे उपयोगी पडते आणि कुठे नुसते शोभेचे ठरते, हे याच मापाने तपासता येते.

या कल्पनेचे मूळ संगणकाहून जुने आहे. अमेरिकेतल्या एडविन लिंक याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. आपल्या बाजाच्या पेटीत असतो तसा हवेचा भाता वापरून त्याने 1929 साली जमिनीवरच डोलणारे, वळणारे एक खोटे विमान तयार केले. सुरुवातीला त्याकडे जत्रेतली गंमत म्हणून पाहिले गेले. 1934 साली टपाल नेण्याचे काम अमेरिकेच्या लष्करी वैमानिकांकडे आले. धुक्यात आणि वादळात केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याचा सराव त्यांना नव्हता. काही आठवड्यांतच अनेक वैमानिक मेले, आणि लष्कराने लिंकची यंत्रे विकत घेतली. विमान कोसळण्याची चूक जमिनीवर करून घेता येते, हे तेव्हा पटले. आज वैमानिकांच्या प्रशिक्षणात असा सराव नेहमीचा झाला आहे.

पुढचा टप्पा डोळ्यांचा. 1968 साली आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर बसवायचा पडदा तयार केला. तो इतका जड होता की छतापासून टांगावा लागे. आजच्या हेडसेटचे तत्त्व मात्र तेच आहे. दोन डोळ्यांना किंचित वेगळी अशी दोन चित्रे दाखवायची, म्हणजे मेंदूला खोली जाणवते. आणि मान वळली की चित्रही त्याच क्षणी वळवायचे. या वळण्याला सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून जास्त उशीर झाला तर भास तुटू लागतो आणि पुष्कळांना बस लागल्यासारखी मळमळ सुरू होते.

ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजे विस्तारित वास्तव, हे याचे भावंड. आभासी वास्तवात समोरचे जग झाकले जाते. विस्तारित वास्तवात ते दिसत राहते आणि त्यावर सूचना, रेषा, आकडे उमटतात. हे नाव 1990 च्या सुमारास बोइंग कंपनीत टॉम कॉडेल यांनी दिले, आणि त्यामागची अडचण अगदी कारखान्यातली होती. विमानातल्या तारांचे जुडगे लाकडी फळ्यांवर आखलेल्या नकाशानुसार बांधले जात, आणि प्रत्येक प्रकाराला वेगळी फळी लागे. कामगाराच्या चष्म्यातच नकाशा दिसला तर एका कोऱ्या फळीवर भागेल, असा तो विचार होता. हे काम रोजच्या वापरात यायला वीसहून अधिक वर्षे गेली.

आता आपल्या वेल्डिंगच्या पोराकडे येऊ. अमेरिकेतल्या लिंकन इलेक्ट्रिक आणि स्पेनमधल्या सीबेरी या कंपन्या वेल्डिंगचे आभासी यंत्र बनवतात. डोक्यावर हेल्मेट, हातात खऱ्या वजनाचा होल्डर; ठिणगी, वितळता धातू आणि आवाज मात्र संगणकाचा. रॉडचा कोन, लोखंडापासूनचे अंतर आणि हाताचा वेग ही सगळी मापे यंत्र टिपते. मिस्त्री जे “हात हळू” एवढ्या दोन शब्दांत सांगतो, ते इथे रेघेवर दिसते. रॉड संपत नाही, डोळे सुजत नाहीत.

मग खरी भट्टी, खरे लोखंड हवेच कशाला? याचे उत्तर अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी शोधले. निम्मा वेळ आभासी यंत्रावर आणि निम्मा खऱ्या लोखंडावर शिकलेले विद्यार्थी केवळ जुन्या पद्धतीने शिकलेल्यांपेक्षा सरस ठरले, आणि माल कमी लागला. पण सगळेच शिक्षण आभासी केले तेव्हा सोपे जोड जमले, अवघड जोडांना मात्र खऱ्या सरावाची जोड लागलीच. ओढलेला हात, अंगाला लागणारी धग, गंजलेल्या लोखंडाचा हट्ट हे हेल्मेटमध्ये पुरते येत नाही. यंत्र मिस्त्रीला हटवत नाही. मिस्त्रीकडे येण्याआधीच्या शंभर चुका ते पोटात घालते.

दुकानदारीतही हेच दिसते. अमेरिकेतल्या वॉलमार्टने 2018 साली कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी 17,000 हेडसेट वापरायचे ठरवले. सणाच्या खरेदीची झुंबड वर्षातून एकदाच येते. तिचा सराव आधी करायचा तर ती आभासीच उभी करावी लागते. वर्षातून एखाद्या वेळीच येणारे, धोक्याचे किंवा महागडे प्रसंग हे या तंत्राचे खरे घर आहे.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गूगलने उद्योगांसाठीच्या आपल्या चष्म्याची विक्री 2023 साली थांबवली. मायक्रोसॉफ्टने 3,500 डॉलर किंमतीच्या होलोलेन्स 2 चे उत्पादन 2024 साली बंद केले. आपल्याकडे रिलायन्सने 2019 साली मुंबईची टेसरॅक्ट ही याच क्षेत्रातली कंपनी घेतली आणि पुढच्या वर्षी जिओ ग्लास दाखवला. 2023 साली लोकांच्या हाती आला तो 1,299 रुपयांचा, मोबाइल आत बसवून क्रिकेट पाहण्याचा जिओडाइव्ह. ट्रॅक्टर वीस वर्षे चालतो आणि त्याचा पार्ट तालुक्याला मिळतो. हेडसेट बनवणाऱ्या कंपनीने हात काढून घेतला की त्यावर बसवलेले सगळे प्रशिक्षण अडगळीत जाते. लाखो रुपये गुंतवण्याआधी हा हिशेब हवाच.

मोबाइलमधली मोजपट्टी हे विस्तारित वास्तवाचे सर्वांत स्वस्त रूप. कॅमेरा समोरच्या पृष्ठभागावरच्या खुणा पकडतो, फोन किती सरकला हे आतले संवेदक सांगतात आणि त्यावरून अंतर काढले जाते. कोरी पांढरी भिंत, चकचकीत फरशी किंवा अंधुक उजेड असला की खुणा सापडत नाहीत आणि माप घसरते. खोलीत पलंग बसेल का, एवढे पाहायला ते पुरेसे आहे. पण आठ सुतांचा एक इंच मानणाऱ्या मिस्त्रीला दोन सुतांचा फरकही परवडत नाही. दाराला चौकट बसत नाही. तिथे टेपच खरा.

उलट, दूरच्या दुरुस्तीत हाच मोबाइल मोठे काम करू शकतो. हंगामात जिनिंगचे किंवा डाळमिलचे यंत्र बंद पडले की तज्ज्ञ पोचेपर्यंत माल पडून राहतो. तज्ज्ञाने आपल्या पडद्यावर बोट फिरवावे आणि इथल्या माणसाला यंत्राच्या नेमक्या त्या बोल्टवर बाण दिसावा, हे साध्या फोनवरही शक्य आहे. त्यासाठी चष्मा नव्हे, दमदार नेटवर्क लागते.

एक प्रश्न मात्र किंमतीच्या पलीकडचा आहे. शिकणाऱ्याचा हात कुठे थरथरला, नजर कुठे गेली, हे सारे यंत्र टिपते. ही नोंद शिकवण्यासाठी राहणार, की पुढे पगार ठरवताना आणि कामावरून काढताना तीच समोर ठेवली जाणार? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे 2023 साली झाला. तरी रोजंदारीवरच्या पोराने कारखान्याला हा प्रश्न विचारावा, एवढे बळ त्याला कायद्याच्या कागदाने आपोआप येत नाही. नोंद किती दिवस ठेवायची आणि कोणी पाहायची, हे यंत्र घेतानाच ठरले पाहिजे.

आमच्या भागातली पोरे वाळूज आणि चाकणला कामाला जातात. तिथे उमेदवारीच्या पहिल्या महिन्यात त्यांच्या हाताकडे पाहिले जाते. गावातल्या दुकानाने कित्येक लाखांचे यंत्र घेणे शहाणपणाचे नाही. पण तालुक्याच्या आयटीआयमध्ये असे एक यंत्र असेल, ते चालवणारा शिक्षक असेल आणि शेजारी खऱ्या लोखंडाचा ढीगही असेल, तर पोरगा चाकणला जाण्यापूर्वी हवे तितके चुकून घेईल. मागणी करायची तर या तिन्ही गोष्टींची एकत्र करावी. नुसते यंत्र आले तर उद्घाटनाचा फोटो निघेल, आणि पोरगा पुन्हा मिस्त्रीच्या ओरड्याखाली पहिला रॉड चिकटवत बसेल.