ताटाचे नियम आणि सुरगाण्याची नागली

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013 नुसार शाळेतल्या दुपारच्या जेवणातून प्राथमिकच्या मुलाला 450 उष्मांक व 12 ग्रॅम प्रथिने, तर उच्च प्राथमिकला 700 उष्मांक व 20 ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. आकडे दिल्लीचे, पण डोंगरउतारावर नागली-वरई पिकवणाऱ्या सुरगाणा तालुक्यात ते गाठण्यासाठी काय शिजावे, हे गावानेच ठरवावे. त्यासाठी नवी यंत्रणा नको. शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला आधीच बसवल्या आहेत. पालकांना आहारशास्त्र कुठे कळते, हा आक्षेप (बहुधा तालुक्याबाहेरचा) फसवा आहे. प्रथिनांचे गणित वरूनच ठरलेले असते; डाळ पातळ झाली हे ओळखायला पदवी लागत नाही. खरी अडचण खरेदीची: तांदूळ सरकारी गोदामातून येतो, नागली शेजारच्या शेतातून घ्यायला पैसा लागतो.