पाणाड्याची बेचकी

वैशाखाचे ऊन माथ्यावर आलेले असते. लातूर जिल्ह्यातील एखाद्या कोरडवाहू शिवारात दहा-बारा माणसे बांधावर मूकपणे उभी असतात. एक वयस्क गृहस्थ पायांतील वहाणा काढून, हातांत झाडाच्या ओल्या फांदीची बेचकी धरून ढेकळांतून सावकाश पावले टाकीत असतो. एके ठिकाणी बेचकीचे टोक एकाएकी खाली वळते. शेताचा धनी लगबगीने पुढे होतो, तेथे दगड रोवतो आणि नारळ फोडतो. दुसऱ्या दिवशी विंधन यंत्र येते. पाणी लागले, तर घरात दिवाळी. न लागले, तर कोरडे भोक आणि त्यापायी काढलेले कर्ज, एवढेच हाती उरते.

अशा माणसास पाणाडी म्हणतात. कोणी बेचकी वापरतो, तर कोणी तळहातावर नारळ आडवा ठेवून तो उभा राहण्याची वाट पाहतो. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, अशा पायाळू माणसास भूमीतील पाणी कळते, अशीही समजूत आहे. ही विद्या केवळ मराठवाड्यातच आहे, असे नव्हे. आग्रिकोला या जर्मन पंडिताचा खाणविद्येवरील ग्रंथ १५५६ साली प्रसिद्ध झाला. बेचकी घेऊन धातूच्या शिरा शोधणारे लोक त्यात वर्णिले आहेत. मात्र जाणत्या माणसाने बेचकीवर न विसंबता जमिनीवरील नैसर्गिक खुणा पाहाव्यात, असे मत त्याने तेथेच नोंदविले आहे.

मग पाणाडी लबाड असतो काय? बहुधा नसतो. बेचकी त्याच्या हातात खरोखरच वळते. परंतु ती पाण्यामुळे वळत नाही. ताण देऊन धरलेली फांदी मनगटाच्या अगदी अल्प हालचालीनेही झटकन फिरते. मनात एखादी अपेक्षा बाळगली, की स्नायू त्या अपेक्षेनुसार हलतात आणि माणसास त्याचा पत्ताही लागत नाही. विल्यम कार्पेंटर या इंग्रज शास्त्रज्ञाने १८५२ साली या क्रियेचे विवेचन केले. त्यापूर्वी फ्रान्समधील शेव्हरल याने दोऱ्याला टांगलेल्या लंबकावर असाच प्रयोग केला होता. पाऱ्यावर धरलेला लंबक डोळे उघडे असताना झुलत असे; डोळे बांधताच त्याचे झुलणे थांबले.

तरीही वाद मिटला नाही. १९८७-८८ मध्ये जर्मनीतील म्यूनिकजवळ एका मोठ्या कोठारात पाणाड्यांची परीक्षा घेण्यात आली. खालच्या मजल्यावर पाण्याचा नळ १० मीटरांच्या पट्ट्यात इकडून तिकडे हलविला जाई आणि वरच्या मजल्यावरील पाणाड्याने त्याची जागा सांगावयाची. सुमारे ५०० जणांतून ४३ जण निवडले गेले. काही थोड्या जणांस ही शक्ती आहे, असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला. पुढे १९९९ साली एन्राइट या अमेरिकी शास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा तपासले. प्रत्येक वेळी केवळ मधली जागा सांगणाऱ्या माणसापेक्षा सर्वोत्तम पाणाड्याचा अंदाज सरासरी अवघा ४ मिलिमीटर अधिक जवळचा होता. एवढ्या फरकावर कोणी विहीर खणीत नाही.

असे असता पाणाड्याने दाखविलेल्या जागी पुष्कळदा पाणी कसे लागते? याचे उत्तर जमिनीच्या पोटात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचे थर येथे एकावर एक साचले आहेत. किल्लारीजवळ शास्त्रज्ञांनी भोक पाडले, तेव्हा हा काळा पाषाण सुमारे ३४० मीटर जाडीचा आढळला. अखंड पाषाणात पाणी राहत नाही. ते झिजलेल्या मुरुमात, भेगांत आणि सच्छिद्र थरांत राहते. नांदेड जिल्ह्यात देगलूर, बिलोलीकडे ग्रॅनाइट लागतो. तेथेही भेगा हाच पाण्याचा आसरा. ओढ्याकाठी किंवा सखल भागात मुरूम जाड असेल, तर तेथे अनेक ठिकाणी पाणी लागते. अनुभवी पाणाड्याची नजर झाडे, उतार आणि ओल नकळत टिपीत असते. वराहमिहिराने सहाव्या शतकात आपल्या ‘बृहत्संहिते’त वृक्ष आणि वारुळे यांवरून पाणी शोधण्याच्या खुणा दिल्या, त्याही निरीक्षणाच्याच वाटेने जाणाऱ्या होत.

महाराष्ट्रात १९७२ साली भूजल सर्वेक्षण यंत्रणा स्थापन झाली. भूवैज्ञानिक जमिनीत चार सळया रोवून विजेचा प्रवाह सोडतात आणि खडक त्या प्रवाहास किती विरोध करतो, ते मोजतात. ओला थर कमी विरोध करतो; पण चिकणमातीही तसेच करते. म्हणून भूवैज्ञानिकही कधी कधी चुकतो. मग या दोघांत भेद कोणता? भूवैज्ञानिकाची चूक कागदावर नोंदविली जाते, तिचे कारण शोधले जाते आणि पुढील मोजणी सुधारते. पाणाड्याचे यश गावोगाव सांगितले जाते, अपयशास मात्र शेतकऱ्याचे दैव कारण ठरते.

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाणी घेऊन निघालेली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. त्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले होते आणि विंधनविहिरीही आटत होत्या. जेथे जमिनीत पाणीच उरले नाही, तेथे ते बेचकीला सापडत नाही आणि यंत्रालाही सापडत नाही. पावसाचे पाणी अडवून जिरविणे हाच तेथे उपाय होय.

गावातील प्रत्येक विंधनविहिरीची नोंद एका वहीत व्हावी: जागा कोणी दाखविली, खोली किती गेली, पाणी लागले की नाही. यशापयश दोन्ही लिहावे. पाणाड्याचा अपमान न करता त्याची परीक्षा घेणारी ती वही असेल, आणि पुढच्या शेतकऱ्याने दगड रोवण्यापूर्वी ती एकदा उघडून पाहावी.