कुंडल रोडची किर्लोस्करवाडी

पुण्याहून मिरजेला जाताना सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी हे स्टेशन लागते. त्याचे मूळ नाव कुंडल रोड. एका कारखानदाराचे आडनाव स्टेशनाच्या पाटीवर चढले म्हटल्यावर त्यामागे पैसा किंवा वशिला असणार, असा तर्क कोणीही करील. मला तो पटत नाही. माळावर आधी गाव उभे राहिले, त्या गावाने स्टेशनाला काम दिले आणि पाटी मागाहून बदलली. घटनांचा हा क्रम ध्यानात घेतला तर नावाचा उलगडा वशिल्याविना होतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे ते कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनवू लागले. लोखंडाने जमीन नासते अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे सुरुवातीला नांगराला गिऱ्हाईकच मिळेना. हळूहळू धंदा जरा मार्गी लागला, तोच नगरपालिकेच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडावी लागली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी अशा वेळी मदतीला आले. त्यांनी आपल्या संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळ 32 एकर माळरान दिले आणि भांडवलालाही हातभार लावला. 1910 साली लक्ष्मणराव तिथे आले तेव्हा माळावर निवडुंग माजला होता आणि सापांचा सुळसुळाट होता. जागा निवडताना स्टेशन जवळ असणे किती मोलाचे होते, हे ओतकामाच्या धंद्याकडे पाहिले की कळते. बिडाचे लोखंड आणि कोळसा वॅगनींतून यायचा, तयार नांगर वॅगनींतूनच बाहेर जायचे. बैलगाडीच्या भरवशावर असला कारखाना चालवणे अशक्य होते.

वसाहत उभारताना लक्ष्मणरावांनी माणसांवर टाकलेला विश्वास मला कारखान्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांना त्यांनी राखणदारीवर ठेवले. कामगारांसाठी घरे बांधली. 1920 साली इथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. तिचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली या मासिकाने आणि पाठोपाठ 1930 साली निघालेल्या ‘स्त्री’ने मराठी घरांत नवे विचार नेले. नांगर वापरणाऱ्या शेतकऱ्याला आणि मासिकाची वाट पाहणाऱ्या बाईला किर्लोस्करवाडी हे नाव सारखेच ओळखीचे झाले. कुठल्याही फर्मानाने एखाद्या नावाला इतका वापर मिळवून देता आला नसता.

तरी दोन आक्षेप उरतात, आणि दोन्ही विचार करण्याजोगे आहेत. पहिला असा, की जमीन राजाची, मग नाव कारखानदाराचे का? त्याच काळात कोल्हापूर संस्थानात याच भागातल्या रेल्वेमार्गावर जयसिंगपूर वसले, ते शाहू महाराजांच्या वडिलांच्या नावाने. औंधकरांनाही तसे करता आले असते. पण जयसिंगपूर ही संस्थानाने वसवलेली बाजारपेठ होती. इथे संस्थानाने जमीन दिली आणि गाव उभे केले ते कारखान्याने. राबणाऱ्यांच्या वसाहतीवर राजाचे नाव आले नाही, याचे श्रेय बाळासाहेबांनाही द्यायला हवे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कुंडल हे जुने गाव, औंध संस्थानातल्या तालुक्याचे ठिकाण, पुढे इंग्रज राजवटीविरुद्धच्या प्रतिसरकारच्या लढ्यातले अग्रणी. त्याचे नाव पुसणे अन्याय नव्हे का? मात्र स्टेशन कुंडलच्या गावठाणात कधीच नव्हते. गाव रुळांपासून दूर असले की त्याच्या नावापुढे ‘रोड’ जोडायची रेल्वेची रीतच होती. नाशिक रोडचे नाव मात्र आजतागायत टिकले, कारण तिथे उतरणाऱ्यांचा लोंढा मुख्यतः नाशिकलाच जायचा. कुंडल रोडला मालाची आणि माणसांची वर्दळ कारखान्यामुळे वाढली. याच मार्गावरचे कऱ्हाड स्टेशन याची उलटी साक्ष देते. ते आहे ओगलेवाडीत. प्रभाकर कंदिलांमुळे ओगल्यांचा काचकारखाना घरोघरी माहीत होता, तरी स्टेशन कऱ्हाडच राहिले, कारण कऱ्हाडची बाजारपेठ फार मोठी होती. कारखानदाराच्या शब्दाखातर पाट्या बदलत असत्या, तर तिथेही ओगलेवाडी दिसली असती. मासिके पुढे पुण्याला गेली आणि उद्योगसमूहाचा व्यापही बाहेर पसरला, पण किर्लोस्करवाडीतला पंपांचा कारखाना अजून चालू आहे, म्हणून पाटीवरचे नाव आजही सार्थ आहे.