भर उन्हात गाडी का रुसते?

मे महिन्यातली दुपार. उमरखेडहून पैनगंगा ओलांडून हदगावकडे निघालेली एखादी जुनी पद्मिनी चहासाठी थांबते. (मुंबईत हीच गाडी २०२३ पर्यंत टॅक्सी म्हणून धावत होती.) दहा मिनिटांनी चावी फिरवावी, तर इंजिन नुसते घरघरते, पेट घेत नाही. जाणता मेकॅनिक अशा वेळी कार्बुरेटर उघडत नाही. इंजिनाला जोडलेल्या पेट्रोल पंपावर तो ओले फडके टाकतो, आणि थोड्या वेळाने गाडी चालू होते. असे का व्हावे?

पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण आहे. त्यातले हलके द्रव ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळू लागतात. गाडी थांबली की पंखा आणि वारा बंद होतो व इंजिनाची उष्णता पंपात शिरते. शिवाय पंप पेट्रोल ओढतो, म्हणजे नळीतला दाब कमी करतो. आणि दाब उतरला की उत्कलनबिंदूही उतरतो. नळीत वाफ भरते आणि पंप द्रवाऐवजी वाफच पुढे-मागे ढकलत बसतो. फडक्यातले पाणी वाळताना पंपाची उष्णता घेते. आपल्या कोरड्या हवेत हे झपाट्याने होते. माठातले पाणी गार होते ते याच कारणाने.

काही जण घाईने कार्बुरेटरच्या तोंडात पेट्रोल ओततात. इंजिनाने उलटा भडका मारला तर ते हातातच पेटते. हे कधीही करू नका.

पेट्रोल पोचूनही इंजिन अडखळत असेल, तर मात्र कार्बुरेटरकडे पाहावे. त्याच्या अरुंद गळ्यात हवेचा वेग वाढतो व दाब घटतो. फ्लोटच्या भांड्यातल्या पेट्रोलवर वातावरणाचा पूर्ण दाब असतोच. तो पेट्रोलला जेटच्या बारीक छिद्रातून गळ्यात ढकलतो. १ ग्रॅम पेट्रोलला सुमारे १५ ग्रॅम हवा लागते. स्पार्क प्लगवर काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जात आहे. प्लग पांढराफटक असेल तर कमी. कचऱ्याने तुंबलेल्या जेटमध्ये तार खुपसू नये, हवेचा झोत मारावा. छिद्राचा व्यास १० टक्के वाढला, तर क्षेत्रफळ २१ टक्के वाढते! गणित करून पाहा.

जुळवणी शेवटी, आणि इंजिन गरम असतानाच. मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत कान द्यावा. इंजिन सर्वांत वेगाने व एकसुरात चालेल तिथे थांबावे, मग दुसऱ्या स्क्रूने वेग हवा तेवढा उतरवावा.