जखम आणि तिची नोंद

हात मोडलेला माणूस दवाखान्यात आला की डॉक्टर आधी हाड पाहतात. ते बरोबरच. पण तो पडला कसा, हेही कागदावर यायला हवे. नाहीतर हाड सांधेल, रस्ता मात्र तसाच राहील!

अमेरिकेचे उदाहरण घ्या. उभे राहून चालवायच्या विजेच्या स्कूटरी तिथल्या शहरांत २०१७ नंतर भाड्याने मिळू लागल्या. आपण बसून चालवतो ती गाडी ही नव्हे. लोक पडू लागले, धडकू लागले. पण तिथल्या दवाखान्यांच्या संकेतावलीत या वाहनाला स्वतंत्र आकडाच नव्हता. मग मोजणार कसे? १ ऑक्टोबर २०२० पासून तो मिळाला.

आता मोडलेल्या मनगटाचा संकेतांक 'एस' अक्षराने सुरू होतो, आणि कारणाचा 'व्ही'ने. दोन्ही जोडीने लिहायचे. स्कूटरवरून नुसता पडला तर व्ही००.८४१. खांबावर आदळला तर व्ही००.८४२. स्कूटरने पायी चालणाऱ्याला धडक दिली, तर त्या पादचाऱ्याच्या कागदावर व्ही००.०३१. शेवटी आणखी एक अक्षर येते : मूळ उपचार चालू असतील तर 'ए', नंतरच्या तपासणीला 'डी'.

पण आकडा घालणारा माणूस अपघात पाहायला गेलेला नसतो. डॉक्टरांनी लिहिले तेवढेच त्याच्या हाती. 'गाडीवरून पडला' एवढ्यावरून तो काय ओळखणार?

म्हणून गुरुजी, मुलांना एवढे जरूर शिकवा : जखमी माणसाला दवाखान्यात नेले, तर वाहन कोणते, धडक कशाशी आणि कुठे झाली, हे न विचारताही सांगावे. खरे सांगितले, तरच खरे मोजले जाते.