एका कॅटचं आमिष

ब्लॅकजॅकचा मूळ तक्ता, म्हणजे कितीवर पान मागायचं आणि कितीवर थांबायचं याचा हिशेब, बाल्डविन, कँटी, मायझेल आणि मॅकडरमॉट या चौघांनी १९५६ साली प्रसिद्ध केला. त्यांनी तो मांडला ५२ पानांच्या एकाच कॅटवर. आज लास व्हेगासमध्ये सहा किंवा आठ कॅट एकत्र पिसलेली टेबलं सर्रास दिसतात, त्यामुळे एका कॅटचं टेबल दिसलं की जाणता खेळाडूही तिकडे वळतो. त्याचा अंदाज चुकीचा नसतो, अपुरा असतो.

कॅट कमी असले की वाटलेलं प्रत्येक पान उरलेल्या पानांचं प्रमाण जास्त हलवतं. हातात पंजी-छक्की आहे, डीलरचीही छक्की उघडी आहे. एका कॅटमध्ये उरली ४९ पानं आणि दहा किमतीची सगळी १६ त्यांतच, म्हणजे दहा मिळण्याची शक्यता ३२.७ टक्के. आठ कॅटमध्ये ती ३१ टक्केच भरते. म्हणून एका कॅटच्या टेबलावर डीलरच्या पंजीसमोर किंवा छक्कीसमोर आठाच्या बेरजेवरही पैज दुप्पट करणं परवडतं, आठ कॅटमध्ये नाही. तरीही असे सगळे फायदे एकत्र केले तर हाती लागतो जेमतेम अर्धा टक्का.

आणि तोच कॅसिनो दुसऱ्या हाताने काढून घेतो, तेही तिपटीच्या आसपास. एका कॅटच्या अनेक टेबलांवर एक्का आणि दहा आल्यावर मिळणारं बक्षीस तीनास दोनाऐवजी सहास पाच दराने देतात. १० डॉलरच्या पैजेवर १५ ऐवजी १२. असा हात साधारण एकवीस डावांत एकदा येतो. डीलरलाही तोच हात पडून डाव बरोबरीत सुटण्याचे प्रसंग वजा केले तरी नुकसान १.४ टक्क्यांच्या घरात जातं. खरी खोच पुढेच आहे: या नियमाने तक्त्यातला जवळपास एकही निर्णय बदलत नाही. डीलरने एक्का-छक्कीच्या सतरावर पान घ्यायचं असा नियम असेल, तर सहा कॅटच्या खेळात एक्क्यासमोर अकरावर पैज दुप्पट करावी लागते. तो नियम खेळताना जाणवतो, आणि त्याची किंमत मात्र ०.२ टक्क्यांच्या आसपासच. सहास पाचचा दर हातातल्या पानांवर उमटतच नाही. तक्ता तोंडपाठ असलेला माणूस एकही चूक न करता हरत राहतो.

पानं मोजणाऱ्यांना एक कॅटच बरा, हा आक्षेप रास्त आहे. एडवर्ड थॉर्प यांनी १९६२ साली दाखवून दिलेली मोजणी थोड्या पानांत लवकर रंग दाखवते. पण मोजणाऱ्यालाही आधी हा १.४ टक्क्यांचा खड्डा भरावा लागतो, आणि हौशी खेळाडू तर मोजतच नाही. एवढ्याशा टक्क्याने काय बिघडतं, असं कोणी म्हणेल. १० डॉलरचे तासाला ६० डाव धरले तर ६०० डॉलर टेबलावर फिरतात आणि निव्वळ या एका दरापायी तासाला सरासरी आठ डॉलर जादा जातात. हा दर बहुधा टेबलाच्या कापडावरच छापलेला असतो; बसण्याआधी नजर कॅटवर नाही, तिथे जायला हवी. तीनास दोन देणारं आठ कॅटचं टेबल शेजारी असेल, तर तेच स्वस्त पडतं.