‘गेलो होतो’ म्हणजे नेहमीच ‘हॅड गॉन’ नव्हे

घोडेगावात मुलांच्या इंग्रजी वह्या तपासताना आम्हाला एक वाक्य हमखास सापडते : ‘आय हॅड गॉन टू मंचर यस्टरडे.’ मुले तरी काय करणार? घरात ‘मैं कल मंचर गया था’, बाहेर ‘काल मंचरला गेलो होतो’. उर्दूतला माज़ी बईद आणि मराठीतला पूर्ण भूतकाळ इथे सहज चालतात. इंग्रजीला मात्र नुसते ‘वेंट’ पुरते.

‘हॅड’ लागतो तो दोन घडून गेलेल्या गोष्टींतली आधीची दाखवायला. ‘आम्ही स्टँडवर पोहोचलो तेव्हा एसटी सुटली होती’, इथे ‘हॅड लेफ्ट’. नुसते ‘लेफ्ट’ लिहिले, तर एसटी आपण पोहोचताच सुटली असा अर्थ होतो. (मग धावून पकडता तरी आली असती!)

खरी अडचण पुढेच. ‘अम्मी म्हणाली की अब्बा कामावर गेले’ यात आपण ‘गेले’ तसेच ठेवतो. इंग्रजीत ‘सेड’ आला की ‘हॅड गॉन’. कळले, वाटले, आठवले यांच्यानंतरही तसेच. ‘आफ्टर’, ‘बिफोर’ असले की क्रम त्यांच्यावरूनच कळतो. तिथे ‘हॅड’ नसला तरी चालते.

इंग्रजी न येणाऱ्या पालकांनीही वही घेऊन मुलांना एवढे विचारावे : यातले आधी काय झाले?